औषधाची पोच

रोगाचाच वेध घेईल आणि शेष शरीराला झळ लागू देणार नाही असे औषध असावे, हा मनोरथ जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘जादूची गोळी’ या नावाने बोलून दाखवला, तेव्हापासून तो सिद्धीस गेल्याची वार्ता दर काही वर्षांनी प्रसृत होत आली आहे. आणि सांप्रत औषध वाहणारा व त्याच वेळी आपला ठावठिकाणा चित्रात उमटवणारा अब्जांश कण त्या वार्तेचा नायक होऊन बसला आहे. माझ्या मते या जोडीत औषधापेक्षा चित्राचीच मातब्बरी अधिक.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे पण हृदयाला अपायकारक औषध मिलीमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढ्या स्निग्ध पुटिकांत भरून देण्यास अमेरिकेत १९९५ साली मंजुरी मिळाली, आणि हृदयाचा अपाय त्यामुळे खरोखरच घटला. परंतु औषध गाठीत किती पोचते? टोरोंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दशकभरातील प्राण्यांवरच्या प्रयोगांचा जमाखर्च २०१६ साली मांडला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत उतरणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले; बाकीचे बहुतांशी यकृत-प्लीहेच्या जकातनाक्यावरच अडतात.

याहून उद्बोधक कैफियत एमएम-३०२ या औषधाची. हर-२ प्रथिन धारण करणाऱ्या स्तनकर्करोगासाठी सिद्ध केलेल्या या पुटिकांना किरणोत्सारी तांबे जोडून एकोणीस रुग्णांचे पेट स्कॅन केले असता, गाठीगाठींतील संचयात सुमारे पस्तीस पटींची तफावत आढळली आणि जेथे संचय अधिक तेथे गुणही अधिक दिसला. तथापि पुढील मोठ्या चाचणीत औषध सरसहा देण्यात आले, आणि प्रचलित उपचाराहून सरस ठरण्याची आशा न उरल्यामुळे ती चाचणी २०१६ च्या अखेरीस गुंडाळावी लागली. रुग्णांची निवड चित्र पाहून झाली असती तर निकाल फिरला असता असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण हाती आलेला दाखला बाजूला ठेवून निवाडा करण्याचा हा शिरस्ता मला अनाकलनीय वाटतो.

चित्र आणि औषध एकाच कणात कोंबण्याचा हव्यासही मला अनावश्यक वाटतो, कारण चित्राला लेशमात्र द्रव्य पुरते आणि उपचाराला भरपूर लागते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये न्यूरोएंडोक्राइन अर्बुदांच्या रुग्णांना, गाठ विशिष्ट रेणू ग्रहण करते याची गॅलियम-६८ च्या स्कॅनने आधी रुजुवात करून, मग त्याच जातीच्या रेणूला जोडलेले ल्युटेशियम-१७७ दिले जाते. आणि हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. या उपचारातील वाहक अब्जांश कण नसून साधा रेणू आहे, हे खरे. अनुकरणीय आहे तो क्रम.

स्कॅन महाग असतो आणि त्याचेही किरण अंगावर घ्यावे लागतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु न पोचणाऱ्या औषधाची आवर्तने सोसणाऱ्या रुग्णाचा पैसा, केस आणि उरलेले महिने यांचा हिशेब मांडला तर तो आक्षेप टिकत नाही. म्हणून सार्वजनिक निधीतून अब्जांश कणांचे औषध मंजूर करताना सरकारने पूर्वचित्राचीही तजवीज करावी, आणि ते औषध सुचवले गेल्यास, ते गाठीत पोचते हे कशावरून, असे रुग्णाच्या आप्तांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.