वरून काढलेला फोटो आणि तळाचा थर

ईद जवळ आली की आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांतून व्हॉट्सॲपवर माल विकला जातो: शेवया, कांदा-लसूण मसाला, अत्तर आणि अर्थात कोल्हापुरी चप्पल. वस्तू जमिनीवर मांडून डोक्यावरून काढलेला फोटो या कामी फार सोयीचा. त्यात चेहरा येत नाही, घर दिसत नाही. ज्या भगिनींना स्वतःचा फोटो देणे रुचत नाही त्यांनाही दुकान चालवता येते.

चप्पलच घेऊ. खिडकीजवळ फरशीवर पांढरे कार्डशीट अंथरावे. पिवळसर चादर नको, त्यावर कातड्याचा रंग हरवतो. ट्यूबलाईट आणि फ्लॅश बंद, कारण दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की रंग बिघडतो. उजेड एकाच बाजूने, तिरपा यावा. मगच वेणीचा पीळ आणि कानावरची नक्षी उठून दिसते. सावली फार काळी पडली तर समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करावा. बस्स, स्टुडिओ झाला.

फोन अगदी जवळ नेला की कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. म्हणून स्टुलावर उभे राहून थोडा झूम करावा (स्टूल धरायला कोणीतरी असू द्या). फोन जमिनीला समांतर हवा. कॅमेऱ्यात ग्रिड सुरू करून कार्डशीटची कड त्या रेघांशी जुळवली की चूक लगेच कळते. पांढरा कागद करडा दिसला तर पडद्यावर बोट टेकवून उजेड किंचित वाढवावा. आणि आधी लेन्स पुसावी! स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा हात असतोच.

आता मुद्द्याचे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. पाऊस लागला होता, असे व्यापारी म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. वरून काढलेला फोटो हा असाच ढीग आहे. त्यात तळाची जाडी दिसत नाही, शिलाई दिसत नाही. अस्सल कोल्हापुरीची ओळख तर तिथेच: कातड्याचे थर आणि कातड्याच्याच वादीची शिवण. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्या नावावर रेक्झिनचा माल खपवणारे फोटोतच फसवतात. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडाच्या चपलांचे फोटो पाहून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! पुढे त्या कंपनीला कोल्हापुरीची प्रेरणा मान्य करावी लागली.

म्हणून जोडातली एक चप्पल सरळ आणि एक उलटी ठेवावी. शेजारी शिंप्याची टेप पसरावी, म्हणजे नंबरावरून होणारी परतपाठवणी टळेल. जाडीसाठी आणखी एक फोटो, पण तो बाजूने. हाताने केलेल्या जोडीत किंचित फरक असतो, तो खोडू नये, दिसू द्यावा. डाग असेल तर त्याचा जवळून फोटो द्यावा आणि किंमत त्या हिशेबाने सांगावी. रंग गडद करणारे फिल्टर तर नकोतच.

गिऱ्हाइकाला बारकावा पाहायचा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तसा पाठवला की तो आक्रसत नाही, टाका न् टाका मोजता येतो.