प्रशिक्षकाचा हिशेब

महाविद्यालयाचा संघ दोन वर्षे हरला, की प्रशिक्षकाने आता घरी बसावे अशी भाषा आमच्या पिंपरी-चिंचवडातही सुरू होते. चषक किती आणले एवढेच विचारावयाचे. खेळाडू कसले मिळाले, मैदान होते की नाही, हे विचारावयाचे नाही, असा हा न्याय आहे! मुंबई एफसी या फुटबॉल संघास खालिद जमील यांनी 2009 पासून सात वर्षे शिकविले. अजिंक्यपद एकदाही मिळाले नाही. परंतु तुटपुंज्या साधनांवर संघ वरिष्ठ श्रेणीत टिकला. 2016 साली त्यांचा संबंध सुटला. पुढच्याच हंगामात मुंबईचा संघ तळाशी गेला, आणि आदल्या वर्षी स्वतःच घसरून पुन्हा आत घेतल्या गेलेल्या मिझोरामच्या ऐझॉल संघास जमील यांनी आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. ऑगस्ट 2025 मध्ये तर भारताचा संघच त्यांच्या हाती सोपविण्यात आला. मुंबईच्या अधोगतीचे कारण एवढे एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण मुनिमास काढण्यापूर्वी त्याच्या हाती भांडवल किती दिले होते, हे व्यापारी पाहतो की नाही? मुलांस शिकविण्याची ज्याची उमेद सरली, मैदानावर जो उशिरा येऊन लवकर जातो, त्यास चाळिशीतही खुशाल निरोप द्यावा. इतरांचा निकाल चषकांच्या कपाटाकडे पाहून लावणाऱ्या चालकांनी मात्र, मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाच्या खिशात असते, ते आधी सांगावे.