जुना खेळ ठेवावा कुठे?

संगणकावरचा जुना खेळ कोणत्या फोल्डरात बसवावा, या प्रश्नाचा साहित्याशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्याचे, समीक्षकाचे नव्हे, हा आक्षेप आम्ही गृहीतच धरला आहे. तरीही त्याबद्दल लिहावेसे वाटले, कारण या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीपायी एका चांगल्या प्रबंधिकेचे एक प्रकरण जवळजवळ बुडाले होते.

आमच्या परिचयातील एक विद्यार्थिनी एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी 'मॉरोविंड' या २००२ सालच्या खेळाचा अभ्यास करीत होती. विषयाची निवड आम्हाला मनापासून पटली होती. या खेळात खेळाडूला वाचण्यासाठी अनेक पुस्तके ठेवलेली आहेत आणि ती एकमेकांशी सहमत नाहीत. नेरेव्हार या प्राचीन वीराचा मृत्यू कसा झाला, याच्या तीन-चार हकिकती खेळात मिळतात. धर्मपीठाची एक, भटक्या टोळ्यांची दुसरी, प्रतिपक्षाची तिसरी. खरी कोणती, हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही. खुद्द खेळाडूला मात्र त्याच नेरेव्हारचा पुनर्जन्म म्हणून वावरावे लागते. अविश्वसनीय निवेदकाची चर्चा आपण वर्गात करतो, तिला याहून चांगले उदाहरण कुठून आणावे?

कोणती हकिकत आधी वाचली आणि त्यानंतर कोणाची बाजू घेतली, यावर या संहितेचा अर्थ बदलतो. म्हणून त्या विद्यार्थिनीने खेळाचे टप्पे क्रमाने सेव्ह करून ठेवले होते. हे टप्पे म्हणजेच तिच्या वाचनाचा पुरावा. पुढे खेळ अधूनमधून अडू लागला, तेव्हा एका मित्राने तिला सल्ला दिला, 'उजवी कळ दाबून प्रशासक म्हणून चालव.' तिने तसे केले. खेळ सुरू झाला, पण सेव्ह केलेल्या टप्प्यांची यादी रिकामी निघाली. दोन महिन्यांचे काम गेले असे समजून तिने प्रकरण बाजूला ठेवले.

वस्तुतः काहीही गेले नव्हते. काय घडले होते, ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींत फाइल कोणाच्या मालकीची, हा प्रश्नच नव्हता. घरात येईल त्याने कुठेही लिहावे, असा मोकळा कारभार होता. २००१ साली आलेल्या एक्सपीत परवानग्यांची सोय होती, परंतु घरोघरी बहुतेक जण प्रशासकाच्या खात्यानेच काम करीत, त्यामुळे तिचा अंमल कुणाला जाणवला नाही. त्या काळचे खेळ या मोकळिकीतच लिहिले गेले. 'मॉरोविंड' आपले टप्पे स्वतःच्याच फोल्डरात, 'सेव्हज्' नावाच्या कप्प्यात ठेवतो. त्याची मांडणीची फाइलही तिथेच असते. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा ही प्रणाली सर्वांसाठी बाजारात आली आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरावर खरा पहारा बसला. तिथे कोणीही वाचावे. लिहिण्यासाठी मात्र दरवेळी प्रशासकाची संमती घ्यावी. तोच नियम आजही चालू आहे.

या नियमाने हजारो जुने प्रोग्रॅम एकाएकी बंद पडले असते. म्हणून एक तडजोड झाली. जुना प्रोग्रॅम बंदिस्त जागी लिहू लागला, की विंडोज त्याला नकार देत नाही; त्याचे लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवते. वापरणाऱ्याच्या खात्यात 'अ‍ॅप-डेटा' नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो, त्याच्या आत 'लोकल' आणि त्याच्या आत 'व्हर्च्युअल स्टोअर'. लिखाण तिथे जाऊन पडते. आपण स्वतःच्या घरातच लिहितो आहोत, अशी खेळाची समजूत कायम राहते. मात्र तोच खेळ प्रशासक म्हणून चालवला, की ही वळवावळवी थांबते. मग खेळ आपल्या खऱ्या फोल्डरात डोकावतो आणि तिथे त्याला काहीच दिसत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच झाले होते. कित्येक आठवड्यांनंतर तिचे सारे टप्पे त्या लपवलेल्या कप्प्यात क्रमवार सापडले.

आता आमचे मत. जुना खेळ 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवूच नये. सी ड्राइव्हच्या मुळाशी 'गेम्स' असा एक साधा फोल्डर करावा आणि बसवण्याच्या वेळीच तो मार्ग निवडावा. मुळाशी आपण नवा फोल्डर केला, की खाते असलेल्या कोणालाही त्यात लिहिण्याची मुभा विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत आपसूक मिळते. खेळाला लागते तेवढीच ही मुभा आहे. खेळ आधीच चुकीच्या जागी बसवला असेल, तर काढण्यापूर्वी 'व्हर्च्युअल स्टोअर' उघडून टप्पे वेगळे काढून ठेवावेत. नुसता फोल्डर ओढून हलवू नये. आपण कुठे बसलो आहोत याची नोंद खेळाने अन्यत्र केलेली असते, म्हणून तो नव्या जागी पुन्हा बसवणेच बरे.

प्रशासक म्हणून चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यालाच आमचा खरा विरोध आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, आता कोणी डागडुजी न करणारा प्रोग्रॅम. त्यावर अनोळखी हौशी मंडळींनी चढवलेल्या भरी. आणि या सगळ्यांच्या हाती अख्ख्या यंत्राच्या किल्ल्या! पाहुण्याला वही ठेवायला फळी हवी होती, आणि आपण त्याला तिजोरी उघडून दिली. पहाराच काढून टाकणे हा तर त्याहून वाईट उपाय. अडचण जागेची आहे, मग अधिकार का वाढवावा?

काही जण 'डॉक्युमेंट्स' हा फोल्डर सुचवतात. परवानगीचा प्रश्न तिथेही सुटतो, पण मराठी माणसाला तिथे एक निराळीच ठेच लागते. ज्याने आपल्या खात्याचे नाव हौसेने देवनागरीत लिहिले, त्याच्या सगळ्या कागदपत्रांच्या वाटेत ते नाव येते. युनिकोडपूर्व पद्धतीने लिहिलेल्या खेळांना ते वाचता येत नाही. विंडोजच्या त्या जुन्या संकेतावल्यांत देवनागरीला जागाच नव्हती, त्यामुळे अशा खेळाला आपल्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. आपली लिपी सोडावी असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या खेळाची वाट तिच्यावरून नेऊ नये, इतकेच. ती छोटी असावी, रोमन असावी आणि तिच्यात मोकळी जागा नसावी. डॉसच्या काळातील खेळांना तर आठ अक्षरांपलीकडचे नावही पेलत नाही.

यात साहित्याचे काय, या प्रश्नाकडे आता वळू. संहितेत कोणी लिहावे आणि कोणी लिहू नये, हा आपल्या परंपरेतला फार जुना प्रश्न आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मध्यंतरीच्या काळात लेखकांनी आणि पाठकांनी घातलेली भर त्यांनी बाजूला सारली आणि पुढच्यांनी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत अशी ताकीदही दिली. 'प्रोग्रॅम फाइल्स'वरचा पहारा आम्हाला याच जातीचा वाटतो, आणि संहितेपुरता तो योग्यच आहे. जुन्या खेळाची अडचण अशी, की त्यात ग्रंथ आणि वाचकाचे टिपण एकाच बासनात बांधलेले असते. ग्रंथाला कुलूप लावले की टिपणही कोंडले जाते. 'मॉरोविंड'सारख्या खेळात तर निर्मात्यांनीच खेळासोबत रचनेची साधने देऊन वाचकाला भर घालायचे आमंत्रण दिले होते. अशा ग्रंथाला सोवळ्यात ठेवून चालत नाही. त्याला घरातच, पण देव्हाऱ्याबाहेर जागा द्यावी लागते.

आमच्या विद्यापीठांत अशा कृतींवर प्रबंध लिहिले जाऊ लागले आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र मार्गदर्शकांनी आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष जसे विचारावे, तसेच 'खेळ कुठे बसवला आहे आणि टप्पे कुठे साठतात?' हेही पहिल्याच भेटीत विचारावे. प्रयोगशाळेतील संगणकावर विद्यार्थ्याला काही बसवण्याची मुभा नसते, तिथे व्यवस्थापकाकडून एवढा एक फोल्डर करून घ्यावा. तो सर्वांना खुला असल्याने दर आठवड्याला त्याची प्रत स्वतःजवळ काढून ठेवावी.

त्या विद्यार्थिनीची प्रबंधिका पुढे पूर्ण झाली. तिच्या तिसऱ्या प्रकरणातील प्रत्येक विधानाखाली, पृष्ठक्रमांक जिथे यायचा तिथे, सेव्ह केलेल्या टप्प्याचा क्रमांक आहे. परीक्षकांनी तो उघडून पाहावा म्हणून सोबत एक तबकडीही जोडलेली आहे. तीवर फोल्डर एकच आहे, 'गेम्स'.