बाटलीवरचा बारीक आकडा

गेल्या महिन्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ रक्तदाबाच्या तपासणीसाठी बोईसरच्या माझ्या दवाखान्यात आले. तपासणी आटोपल्यावर त्यांनी मोबाइलमधील एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. युरोपात नोकरीस असलेल्या मुलाने सुट्टीवर येताना वडिलांसाठी चार देशांच्या चार बिअरच्या बाटल्या आणल्या होत्या. ‘‘डॉक्टरसाहेब, ही काळी कडक असणार, म्हणून बाजूला ठेवली आहे. ही सोनेरी मात्र हलकी दिसते. चालेल ना?’’

त्यांचा अंदाज नेमका उलटा होता.

आरोग्याच्या सदरात बिअरच्या चवीची चर्चा काही वाचकांना खटकेल. परंतु मुले परदेशी गेली आणि घरोघरी अशा बाटल्या भेटीदाखल येऊ लागल्या. न बोलण्याने त्या घराबाहेर जात नाहीत. केवळ डॉक्टरांपासून दडून राहतात.

बिअर बनते ती मोड आणून वाळवलेला जव, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट यांपासून. जवामुळे तिला पावाची आठवण करून देणारा गोडसरपणा येतो, हॉप्समुळे कडवटपणा आणि यीस्टमुळे फळांचा गंध. रंग ठरतो तो जव किती भाजला यावर. मद्यार्काचे प्रमाण ठरते ते किती साखर आंबली यावर. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. म्हणूनच डोळा आणि जीभ येथे सहज फसतात.

चारांपैकी पहिली बाटली होती चेक देशातील प्लझेन गावची. 1842 मध्ये तेथे प्रथम तयार झालेली ही सोनेरी, नितळ आणि स्वच्छ कडवट चवीची बिअर पुढे जगभर गेली. नेदरलँड्सची हाइनेकेन काय किंवा आपल्याकडची किंगफिशर काय, याच घराण्यातल्या. प्लझेनच्या मूळ बिअरमध्ये मद्यार्क सुमारे 4.4 टक्के. दुसरी बव्हेरियाची, गव्हापासून केलेली आणि गढूळ. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तीत केळेही नसते आणि लवंगही नसते. ती करामत यीस्टची. तिच्यात साधारण साडेपाच टक्के. तिसरी डब्लिनची काळीभोर गिनेस. करपेपर्यंत भाजलेल्या जवामुळे ती कोऱ्या कॉफीसारखी लागते, वर सायीसारखा मऊ फेस. दिसायला भारदस्त, पण मद्यार्क अवघा 4.2 टक्के. आणि चौथी, आमच्या गृहस्थांनी पसंत केलेली, बेल्जियमची दुवेल. फिकट सोनेरी, फसफसती, फळांच्या गंधाची, घशाखाली सहज उतरणारी. तिच्यात 8.5 टक्के! तिच्या नावाचा तिकडच्या बोलीतला अर्थ आहे ‘सैतान’.

हिशेब मांडून पाहू. या 330 मिलिलिटरच्या लहानशा बाटलीत सुमारे 28 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये तो सुमारे 26 असतो. आता आपल्याकडची ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी 650 मिलिलिटरची बाटली घ्या. तीत आठ टक्के मद्यार्क असेल, तर एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग. ‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो’ या वाक्याचा अर्थ यावरून ध्यानी यावा. बर्फासारखी थंड करून प्यायल्याने चव बोथट होते आणि हा जोर जाणवतही नाही. आपल्या पालघर-डहाणू पट्ट्यातील ताडीला तर आकड्याची चिठ्ठीही नसते. पहाटेची गोड नीरा ऊन चढता चढता आंबत जाते. किती आंबली, तीत काय मिसळले, हे पिणाऱ्यास कळत नाही.

वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे चाळिशीत पचलेला तोच पेला सत्तरीत रक्तात अधिक चढतो. त्यात औषधांची भर. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी धोकादायकरीत्या वाढते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर, विशेषतः उपाशीपोटी, साखर एकाएकी उतरू शकते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताना मुळातच तोल जातो. बिअरने तो अधिक जातो. ‘बिअरने मुतखडा पडतो’ हा समज तर घरोघरी आहे. लघवी वाढते हे खरे. पण तो उपचार नव्हे. उलट यूरिक आम्ल वाढून गाउट उसळतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाची लघवी रात्री तुंबून नळी घालण्याची वेळ येते.

काळजीवाहकांना एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. एक आजोबा पडले, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या रात्री मात्र ते थरथरू लागले, घामाने भिजले, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडू लागले. घरच्यांना वाटले, वेड लागले. वर्षानुवर्षे रोज रात्री दोन स्ट्राँग बाटल्या घेण्याची सवय एकाएकी तुटली होती, त्याचा हा परिणाम. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. दाखल करताना डॉक्टरांनी व्यसनाविषयी विचारले होते. संकोचाने सूनबाईंनी उत्तर दिले होते, ‘‘छे, काही नाही.’’ वेळीच उलगडा झाला म्हणून आजोबा वाचले.

तेव्हा लाज बाजूला ठेवा. रुग्णालयात ‘काय घेतात, किती टक्क्यांचे, किती वर्षे’ हे स्पष्ट सांगा. आणि रोज घेणाऱ्या वृद्धाची बाटली परस्पर लपवू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची असते.

मद्याचे संपूर्ण सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. न घेणे हेच उत्तम, हे मी त्या गृहस्थांना सांगितले. रक्तदाबाच्या एका गोळीखेरीज त्यांना दुसरे औषध नव्हते आणि बिअरची सवयही नव्हती. म्हणून पुढे एवढेच म्हटले, ‘‘मुलाचे मन राखायचेच असेल, तर काळीतला अर्धा पेला, जेवणासोबत, त्याच्या शेजारी बसून. सोनेरी त्यालाच परत द्या.’’

परवा ते पुन्हा आले. म्हणाले, ‘‘कोऱ्या कॉफीसारखीच लागली हो. दोन घोटांत पुरे झाली. पण त्या निमित्ताने पोरगा तासभर जवळ बसला.’’

रक्तदाब ठीक होता.