वाचा म्हणजे बुद्धि नव्हे

बोलणारें यंत्र निघाल्यापासून आमच्या सुशिक्षित वर्गांत एक नवेंच स्तोम माजलें आहे. यंत्र सफाईनें उत्तर देतें, सबब त्यास मनुष्यासारखी बुद्धि आहे, असें मोठमोठे पदवीधर बेधडक प्रतिपादन करितात. संभाषणांत मनुष्याचा भास झाला म्हणजे पुरे, ही ट्यूरिंग यांची १९५० सालची कसोटी त्यांचा मोठा आधार. हें अनुमान आम्हांस साफ चुकीचें वाटतें.

प्राणिसृष्टीकडे पाहा. पक्ष्यांचा मेंदू बहुतेक उपजत प्रेरणांचाच, त्यांत विचारास जागा नाहीं, असें एडिंगर या जर्मन पंडिताचें मत. त्या मतावरून पडलेलीं मेंदूच्या भागांचीं नांवें २००४ सालीं शास्त्रज्ञांस बदलावीं लागलीं. तत्पूर्वीच, २००२ सालीं, ऑक्सफर्ड येथील बेटी नांवाच्या कावळ्याच्या मादीनें सरळ तार वांकवून आंकडा केला व नळींतलें खाद्य वर ओढून काढल्याचें प्रसिद्ध झालें होतें. ऑक्टोपसाच्या अंगीं सुमारें ५० कोटी मज्जापेशी असून त्यांतील निम्म्याहून अधिक त्याच्या भुजांत आहेत. त्याचा व आपला सामाईक पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचा. म्हणजे बुद्धि ही एकाच शिडीची वरची पायरी नसून, पोट भरण्याच्या व जीव राखण्याच्या झगड्यांतून ती निरनिराळ्या वाटांनीं उत्पन्न झाली आहे. आणि यांपैकीं एकासही आपल्यासारखी वाचा नाहीं!

यंत्राची गोष्ट नेमकी उलट. त्यास भूक नाहीं, मरणाचें भय नाहीं. मनुष्यांनीं लिहून ठेवलेल्या अपार मजकुरावरून पुढचा शब्द कोणता, हें शिकतां शिकतां तें एकदम भाषेच्या माडीवर चढलें. कोणी म्हणेल, वाट निराळी म्हणून ती बुद्धिच नव्हे असें कसें? आक्षेप रास्त आहे. यंत्राची बुद्धि निराळ्या जातीची असेलही. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तिची पारख कृतीवरून व्हावी, वाणीवरून नव्हे.

‘मुक्या जनावरास काय कळतें?’ असें आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलों. आतां यंत्र बोलतें, तेव्हां त्यास सर्व कळतें, असें म्हणूं लागलों. दोन्ही चुकांचें मूळ एकच, आणि तें आमच्या धंद्यांतही खोल गेलेलें आहे. फर्डें इंग्रजी बोलणारा विद्यार्थी हुशार, अडखळणारा मठ्ठ, असे शेरे आम्हीं वर्षानुवर्षें मारिले. त्या अडखळणाऱ्यांपैकीं कित्येकांची योग्यता आम्हांस फार उशिरां कळली. एकदां ठकलेल्या कानांवर पुन्हां विसंबूं नये, हें बरें.