नित्य वाचन व नित्य प्रार्थना

ख्रिस्ती कुटुंबांतील मुलास लहानपणापासून दोन गोष्टी शिकविण्यांत येतात. पवित्र शास्त्र वाचावें व प्रार्थना करावी. या दोहोंविषयीं आपल्यामध्यें कोणाचाहि मतभेद नाहीं. असें असूनहि, शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं किती जण पुढें रोज हा ग्रंथ उघडतात असा प्रश्न कोणीं केल्यास उत्तर देतांना आपणांस घुटमळावें लागतें. वसतिगृहांत घंटा होतांच उपासनेस बसणारा व शास्त्राच्या तासास पाठांतरांत पहिला येणारा मुलगा पुण्यास किंवा मुंबईस महाविद्यालयांत गेला कीं महिन्या-दोन महिन्यांत हें सर्व मागें पडतें. त्याची श्रद्धा नाहींशी होते असें म्हणतां येणार नाहीं. नाताळास तो मंदिरांत येतो, भक्तिगीतें गातो, वडील माणसांशीं आदरानें बोलतो. परंतु रोजचें म्हणून जें कांहीं होतें, तें गेलेलें असतें. आमच्या मतें याचा दोष त्या मुलाच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं. त्याला संवय लागली असें आपण समजत होतों. ती संवय घंटेची होती. घंटा मागें राहिली, तेव्हां तीहि मागें राहिली.

यावर कित्येक विचारी विद्यार्थी असा आक्षेप घेतात कीं, मन लागत नसतां केवळ नेम म्हणून वाचणें हा एक प्रकारचा दंभच नव्हे काय? अंतःकरण भरून येईल तेव्हांच प्रार्थना करावी हें अधिक प्रामाणिकपणाचें नाहीं काय? हा आक्षेप आळसांतून निघालेला असतो असें मानून मुलास दटावणें बरें नव्हे. त्याचें उत्तर दिलें पाहिजे. गवयास रोज पहाटे रियाज करावासा वाटत असेल असें नाहीं. पण ज्या दिवशीं सूर खरोखर लागतो तो दिवस इतर सर्व दिवसांच्या पोटांतून येतो. आपल्या शेजारच्या घरीं दिवेलागणीस हरिपाठ म्हणणारी आजी आज मन प्रसन्न आहे कीं नाहीं हें पाहून बसत नाहीं. आपल्या पूर्वजांपैकीं पुष्कळ जण अशाच घरांतून आलेले आहेत, आणि कविवर्य नारायण वामन टिळक यांनीं तर तुकोबांचें ऋण शेवटपर्यंत मोकळ्या मनानें मान्य केलें. नेमाची थोरवी शिकण्यासाठीं आपणांस दूर जावयास नको.

पवित्र शास्त्रांतहि याचें एक उदाहरण आहे व तें मला फार विचार करण्याजोगें वाटतें. दानीएलाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत राजाज्ञा निघते कीं, ३० दिवसपर्यंत राजावांचून दुसऱ्या कोणाजवळहि मागणें करूं नये. करील तो सिंहांच्या गुहेंत जाईल. हें कळल्यावर दानीएल घरीं गेला आणि यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या असतां दिवसांतून तीन वेळां गुडघे टेकून प्रार्थना करीत राहिला. रविवारच्या शाळेंतील मुलांचें सारें लक्ष सिंहांकडे असतें. परंतु ग्रंथकार एक लहानशी गोष्ट मुद्दाम सांगतो, ती ही कीं, त्याचा हा क्रम पूर्वीपासूनचा होता. संकट आलें म्हणून त्यानें प्रार्थना आरंभिली नाहीं. जी चालू होती ती त्यानें बंद केली नाहीं, एवढेंच. गुहेच्या तोंडाशीं उभें राहून प्रार्थना शिकण्यास फार उशीर झालेला असतो.

जो ग्रंथ आपण इतक्या सहज कपाटांत ठेवून देतों तो मराठी माणसाच्या हातीं किती श्रमानें आला याची कल्पना आपल्या मुलांना नसते. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें छापून निघालें. तें ओवीबद्ध असून गोव्याकडील ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या तें ऐकत आले. पण तें पुराण होय, शास्त्राचें भाषांतर नव्हे. विल्यम केरी यांनीं बंगालांत श्रीरामपुरास राहून मत्तयाचें शुभवर्तमान इ. स. १८०५ मध्यें व सबंध नवा करार इ. स. १८११ मध्यें मराठींत प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं त्यांच्या छापखान्यास आग लागून कित्येक हस्तलिखितें व टाइप भस्म झाले, आणि त्या गृहस्थांनीं पुन्हां पहिल्यापासून कामास आरंभ केला. रोज थोडें करीत राहणें यापलीकडे केरी यांनीं स्वतःच्या अंगीं मोठीशी बुद्धि असल्याचा दावा कधीं केला नाहीं.

पंडिता रमाबाई यांची गोष्ट तर आपल्या अगदीं जवळची आहे. शहाण्या-पंडितांना समजणारी मराठी केडगांवच्या मुक्तिसदनांतील बायांना समजत नाहीं हें पाहून त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. त्याचे टाइप जुळविणें, छापणें, बांधणें हीं कामें तेथील स्त्रियांनींच केलीं. त्यांत दुष्काळांतून वांचविलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या. रमाबाई इ. स. १९२२ च्या एप्रिलांत वारल्या. शेवटचीं मुद्रितें तपासण्याचें काम त्यांनीं मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस संपविलें होतें. ग्रंथ इ. स. १९२४ मध्यें बाहेर पडला. एवढें मोठें काम उत्साहाच्या एखाद्या लाटेवर होत नाहीं. तें रोजच्या ठराविक तासांनीं होतें. जिला पूर्वीं अक्षरओळख नव्हती अशी बाई टाइपांच्या खणांतून एकेक अक्षर वेंचून वचन जुळवीत आहे, हें चित्र आमच्या विद्यार्थिनींनीं एकदां डोळ्यांपुढें आणावें.

टिळकांच्या चरित्रांतील एक प्रसंगहि येथें सांगण्यासारखा आहे. नागपुराहून राजनांदगांवीं जात असतां आगगाडींत त्यांना एका युरोपीय सहप्रवाशानें नवा करार दिला. वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि तेथें त्यांचें मन गुंतून गेलें. पुढें इ. स. १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आतां असें पहा कीं, नव्या कराराचें पहिलेंच पान म्हणजे मत्तयांतील वंशावळी. चाळीसएक नांवांची ती यादी पाहून या ब्राह्मण कवीनें पुस्तक मिटलें असतें तर पांचवा अध्याय त्यांच्या दृष्टीसहि पडला नसता. रोजच्या वाचनांत कोरडीं पानें येतातच. तीं ओलांडावीं लागतात.

आतां वाचावें तरी किती? या बाबतींत उत्साही माणसें फार घोटाळा करतात. १ जानेवारीस उत्पत्तीपासून आरंभ करावयाचा, वर्षांत सर्व ६६ पुस्तकें संपवावयाचीं, असा संकल्प होतो. दिवसाला तीन व रविवारीं पांच अध्याय घेतले तर १,१८९ अध्याय वर्षांत संपतात हा हिशेब बरोबर आहे. परंतु उत्पत्ति व निर्गम यांतील कथा संपून लेवीय लागला, कीं फेब्रुवारींतच संकल्पाची इतिश्री होते. स्कॉटलंडांतील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनीं इ. स. १८४२ मध्यें आपल्या मंडळीसाठीं एक प्रसिद्ध वेळापत्रक तयार केलें. त्याप्रमाणें वर्षांत जुना करार एकदां व नवा करार आणि स्तोत्रें दोनदां वाचून होतात. पण त्याच वेळापत्रकाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं त्यांतील धोकेहि सांगून ठेवले आहेत. वाचन नुसता उपचार होईल, पाठ संपविल्याचा गर्व वाटेल, कित्येकांना तें जड जोखड होईल. ज्यानें वेळापत्रक केलें त्यानेंच ही सावधगिरीची सूचना द्यावी, हें मला त्या वेळापत्रकापेक्षां मोलाचें वाटतें.

शाळकरी मुलांसाठीं लहान मापच बरें. इ. स. १८७९ मध्यें इंग्लंडांत ‘स्क्रिप्चर युनियन’ची स्थापना झाली ती मुलांना रोजच्या छोट्या पाठाची छापील पत्रिका देण्यासाठींच. जर्मनींतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन बंधूंनीं इ. स. १७२८ पासून दर दिवसासाठीं एकच वचन नेमून देण्याची चाल पाडली, आणि १७३१ पासून त्या वचनांचें पुस्तक दर वर्षीं निघत आहे. मार्काच्या शुभवर्तमानाचे अवघे १६ अध्याय आहेत. चारी शुभवर्तमानांचे मिळून ८९, म्हणजे रोज एक घेतल्यास तीन महिन्यांचें काम. नव्या कराराचे २६० अध्याय, म्हणजे आठवड्यांतून पांच दिवस एकेक वाचला तर बरोबर ५२ आठवडे, आणि दोन दिवस चुकलेलें भरून काढण्यास मोकळे! नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत; तारखेप्रमाणें अध्याय उघडावा. समजलें नाहीं तेथें वहींत प्रश्न लिहून ठेवावा. बिरुया येथील लोक प्रेषितांचें बोलणें खरें आहे कीं काय हें रोज शास्त्रांत पडताळून पाहात, आणि लूकानें प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची थोरवीच गाइली आहे. शंका घेणाऱ्या मुलाला धाक घालणाऱ्या शिक्षकांनीं हें लक्षांत घ्यावें.

लंडन येथील एका विद्यापीठांतील संशोधकांनीं ९६ माणसांवर पाहणी करून इ. स. २००९ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, खाण्यापिण्याची वा व्यायामाची एखादी साधी नवी संवय अंगवळणीं पडण्यास सरासरीनें ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणाच्या बाबतींत २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानें फारसें कांहीं बिघडलें नाहीं. दोन दिवस चुकले म्हणजे सर्व फुकट गेलें असें समजून वाचन सोडून देणाऱ्या मुलांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. त्या पाहणींत नवी संवय रोजच्या एखाद्या ठराविक गोष्टीस जोडलेली होती. आपणहि वाचन सकाळच्या चहाला जोडावें कीं रात्रीं अंथरूण घालण्याला, हें ज्यानें त्यानें ठरवावें; पण कशाला तरी जोडावेंच. घंटेची जागा घेणारें कांहीं तरी घरांत पाहिजे. मोबाइलवर वाचण्यास माझी हरकत नाहीं, मात्र त्याच पडद्यावर मित्रांचे निरोप येत असतात. छापील प्रत जवळ असल्यास ती बरी.

प्रार्थनेविषयीं थोडेंच सांगतों. मार्च महिना जवळ आला कीं आमच्या शाळेंत प्रार्थनेस विलक्षण भरती येते व निकाल लागल्यावर तितकीच ओहोटी! परीक्षेसाठीं प्रार्थना करूं नये असें नाहीं. पण जो मित्र केवळ गरजेपुरता येतो त्याला आपण काय म्हणतों? दुसरें असें कीं, पुष्कळ मुलें एकांतांतहि व्यासपीठावरील भाषेंत प्रार्थना करतात. पाळकसाहेबांच्या तोंडचे लांबलचक संस्कृत शब्द आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडीं ऐकून वडिलांना कौतुक वाटतें, मला मात्र वाईट वाटतें. येशूनें शिकविलेली प्रार्थना किती आटोपशीर आहे, आणि ती शिकविण्यापूर्वीं दार लावून घेण्यास सांगितलें आहे, हें मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत पहावें. आईशीं ज्या भाषेंत बोलतों त्याच भाषेंत, ज्यांच्यासाठीं मागावयाचें त्यांचीं नांवें घेऊन, पांच मिनिटें बोलावें. एक मिनिट गप्प बसावें.

पालकांस मात्र स्पष्ट बोलणें भाग आहे. आमच्या शाळांतून सर्व धर्मांचीं मुलें शिकतात, आणि भारतीय संविधानाच्या २८ व्या कलमान्वयें, सरकारमान्य वा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेंत कोणत्याहि मुलास पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसण्याची सक्ती करतां येत नाहीं. हें योग्यच आहे. सक्तीनें करविलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. पण याचा अर्थ असा कीं, ख्रिस्ती मुलाला ही संवय लावण्याचें काम ख्रिस्ती घराचें आहे, व तें शाळेवर टाकून मोकळें होतां येत नाहीं. पौलानें तीमथ्याच्या विश्वासाचा उगम सांगतांना आजी लोईस व आई युनीके यांचीं नांवें घेतलीं आहेत. वसईच्या कॅथलिक घरांतून सायंकाळीं लहानथोर एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करण्याची चाल आहे. प्रॉटेस्टंट घरांतील कौटुंबिक उपासना तिच्या मानानें लवकर ढिली पडली, असें माझें निरीक्षण आहे. कोणाला राग आला तरी चालेल. वडील वर्तमानपत्र वाचीत बसावयाचे व मुलाला “शास्त्र वाचलेंस का?” म्हणून विचारावयाचे, अशानें संवय लागत नाहीं. मूल खोडकर वागलें म्हणून एखादें स्तोत्र दहा वेळां लिहून काढण्याची शिक्षा देणें तर सर्वस्वीं गैर होय. ज्या घरीं आईला किंवा आजीला वाचतां येत नाहीं तेथें मुलानें तिला मोठ्यानें वाचून दाखवावें. त्या घरचें वाचन सहसा बंद पडत नाहीं, कारण ऐकणारी वाट पाहात बसलेली असते.

उन्हाळ्याची सुट्टी आतां जवळ आली आहे व त्या दिवसांत शाळेची घंटा होणार नाहीं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेस मार्काच्या पहिल्या अध्यायापासून आरंभ करावा. मार्काचे १६ व लूकाचे २४ मिळून ४० अध्याय होतात. रोज एक वाचल्यास जूनच्या ९ तारखेस दोन्ही पुस्तकें संपतील. वहींत लिहिलेले प्रश्न शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत आपापल्या शिक्षकांकडे आणून द्यावेत. ज्यांच्या घरीं स्वतःची प्रत नसेल त्यांनीं सुट्टी लागण्यापूर्वीं ग्रंथालयांतून न्यावी.