धूळ मुळशीत, आजार गावी

1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. 1924 मध्ये तो लढा संपला. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली आणि मावळ्यांची भातशेती पाण्याखाली गेली. विकासाचा लाभ एकाला आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या माथी, हा त्या वेळी उभा राहिलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही त्याच तालुक्यात सुटलेला नाही. तेव्हा किंमत जमिनीच्या रूपाने वसूल झाली. आज ती कामगारांच्या फुफ्फुसांतून वसूल होत आहे.

हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यात उठलेल्या इमारतींच्या आत ग्रॅनाइट, टाइल्स आणि स्वयंपाकाच्या ओट्यासाठीची क्वार्ट्झची कृत्रिम फरशी कापली जाते. या कृत्रिम फरशीत सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असू शकते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका कमी असते हे खरे. परंतु बाहेरून आलेल्या या दगडांना ती सबब लागू पडत नाही. कोरड्या कापणीत उडणारे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने अडत नाहीत. त्यांतून जडणारा सिलिकोसिस बरा होत नाही, क्षयाचा धोका वाढवतो आणि पुष्कळदा क्षय म्हणूनच नोंदला जातो.

हा रोग बहुधा अनेक वर्षांनी उघड होतो, आणि नफ्याचे गणित नेमके येथेच जमते. तोवर इमारत विकली गेलेली असते, ठेकेदार बदललेला असतो, कामगार मराठवाड्यातील किंवा बिहारमधील आपल्या गावी परतलेला असतो. बांधकामाच्या हिशेबात त्याच्या औषधाचा खर्च कोठेही दिसत नाही. तो त्याच्या बायकोच्या मजुरीतून आणि सावकाराच्या कर्जातून भागवला जातो. अर्थशास्त्र याला सामाजिक खर्च म्हणते. सरळ भाषेत ही मालकाने टाळलेली मजुरी आहे.

वास्तविक उपाय अवघड नाही. पात्यावर पाण्याची धार आणि यंत्रालाच जोडलेली धूळ ओढणारी नळी यांनी धुळीचा मोठा भाग उगमापाशीच अडतो. अमेरिकेने 2016 च्या नियमाने हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि तेलविहिरींवर वाळू हाताळणाऱ्या कामगारांनाही तीत आणले. तेथेही आधी यंत्रणेत सुधारणा आणि मुखवटा शेवटी, असाच क्रम आहे. ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून कृत्रिम फरशीवरच बंदी घातली.

आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सिलिकोसिस अधिसूचित रोगांच्या यादीत आहे. परंतु दहापेक्षा कमी कामगारांचे बांधकाम तिच्या कक्षेबाहेर राहते, कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास कामगारांपासून सुरू होतात, आणि निरीक्षकाला आता 'सुविधाकार' ही पदवीही जोडली गेली आहे. सुविधा कोणाची, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कोरडी कापणी बंद व्हावी. पोटठेकेदार कितीही असोत, जबाबदारी मूळ विकासकाची ठरावी. राजस्थानने 2019 च्या धोरणान्वये निदान होताच तीन लाख व मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये देण्याची तरतूद केली. महाराष्ट्रातील कामगारालाही तेवढे तरी संरक्षण मिळावे.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. कोणत्या इमारतीवर, कोणाच्या ठेक्यात, किती महिने काम केले, याची लेखी नोंद प्रत्येक फरशी कामगाराजवळ राहील असे पाहावे. उद्या दवाखान्यात आणि न्यायालयात त्याचा आजार कोणी दिला हे सिद्ध करायचे झाले, तर तोच कागद उपयोगी पडेल. जमीन गमावणाऱ्या मुळशीकराजवळ निदान सातबारा तरी होता. या कामगाराजवळ तेवढाही पुरावा नाही.